चवथीच्या दोन रिकाम्या चौकटी

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दहा दिवस उरले असताना कृष्णनाथकाकांच्या खोलीत पुढील वस्तू होत्या. लोखंडी खाट, एक. त्यावर हवेची गादी, एक, जिचा पंप दर सात मिनिटांनी सुस्कारा सोडायचा. सलाइनच्या बाटल्या, सहा. निर्जंतुक गॉजची पाकिटं, अठरा. हातमोजे, शंभरांपैकी ब्याण्णव शिल्लक. वॉकर, एक, ज्यावर आईचे तीन टॉवेल वाळत होते. ज्याचं नाव काका घेत नाहीत असं प्लास्टिकचं भांडं, एक. दिनदर्शिका, दोन, आणि दोन्हींत चवथीच्या तारखेला काकांनी लाल पेनाने गोल केलेला. शेवटी काका स्वतः, एक, डाव्या कुशीवर.

मोजून ठेवायची सवय मला काकांनीच लावली. ते डिचोलीकडे एका खाणीवर वजनकाट्याचे क्लार्क होते. तीस वर्षं त्यांनी रिकामा टिपर किती आणि भरलेला किती एवढंच लिहिलं, आणि त्यातून त्यांचं असं मत झालं की जगात बहुतेक भांडणं काटा न पाहिल्यामुळे होतात. काकांनी लग्न केलं नाही. बाबा आणि आई नोकरीवर जायचे, तेव्हा मला न्हाऊ घालणं, जेवू घालणं आणि पाढे पाठ करून घेणं ही कामं काकांकडे होती. पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. तिथे मी दिवसभर जंतू वाढवते आणि मोजते.

आषाढात काका न्हाणीघरात घसरले. मांडीचं हाड ऑपरेशनने नीट सांधत आलं होतं, पण पडून पडून माकडहाडावर जखम झाली. डॉक्टरीणबाई घरी आल्या, कागदी पट्टी लावून त्यांनी माप घेतलं: लांबी चार पूर्णांक दोन सेंटिमीटर, रुंदी तीन पूर्णांक एक, खोली आठ मिलिमीटर.

"रोज ड्रेसिंग," त्या म्हणाल्या. "एकही दिवस चुकवायचा नाही. चवथीच्या दिवसांत नर्स मिळणार नसेल तर आदल्या दिवशी, तयेच्या संध्याकाळी, त्यांना हॉस्पिटलात आणून ठेवा. सण झाला की परत न्या."

त्या गेल्यावर काकांनी दिनदर्शिकेतल्या लाल गोलाकडे पाहिलं. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "सायली, अडुसष्ट चवथी मी ह्याच घरात केल्यंय. पाच वर्साचा होतंय तेव्हाची माका आठवता. मी नसलंय तर बाबू माट्टुतीं उजवीकडे बांधतलो."

बाबू म्हणजे माझे बाबा, बाबुराव. आणि माट्टुतीं म्हणजे माटोळीतलं एक रानफळ. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं आणि भाज्या बांधायच्या, ती माटोळी. आमच्याकडे ती काकांच्या अखत्यारीत. माट्टुतीं डावीकडे, कवंडळां उजवीकडे, आंबाडे पुढे, असा त्यांचा नकाशा आहे, आणि तो कुठेही लिहिलेला नाही, कारण लिहिला असता तर काकांची गरज उरली नसती.

आता कुणीही विचारेल की घरात एम.एस्सी. झालेली मुलगी असताना नर्स कशाला. हा प्रश्न वाड्यावर बावीस जणांनी विचारला, म्हणून एकदाच उत्तर देते. पहिल्या दिवशी नर्सला उशीर झाला तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने हातमोजे घातले, जुनी पट्टी काढली, एकदा पाहिलं, आणि त्यानंतरचं मला आठवत नाही. आईच्या सांगण्यानुसार मी आधी पांढरी पडले, मग हिरवी, मग आडवी. प्लेटवर वाढलेले जंतू मी चार वर्षं पाहते आहे. ते कुणाच्या अंगावर घर करून असतात ही माहिती मला पुस्तकातून होती.

शेजारच्या जयरामकाकांना ही बातमी पाच मिनिटांत कळली, आणि ते निवृत्त टिपर ड्रायव्हर असल्यामुळे त्यांनी ती सगळीकडे पोहोचवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेरानेही विचारलं, "बाय, पडलंस म्हणे? आता बरा आसा मगे?" मी चार पाव मोजून घेतले आणि दार लावलं.

त्याहून मोठी अडचण खुद्द काकांची होती. शुद्धीवर आल्यावर मी पुन्हा प्रयत्न करते म्हटलं, तर त्यांनी चादर मानेपर्यंत ओढली. "तुका मी न्हाणयलेला. आता तू माका असो बघतलंस? नाय. नर्स परकी. परक्याची लाज नाय वाटणा."

बाबांचे हात थरथरतात. आईचा स्वभाव असा की जखम दिसली की ती रडते, आणि ती रडली की काका तिची समजूत काढतात, आणि त्यात गॉज वाळून जातं. तेव्हा नर्स हवीच होती.

घरी नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेत स्वप्नील नावाचा मुलगा वेळापत्रक बघायचा. मी त्याला फोन करून अठरा दिवसांचं कोष्टक मागितलं. तो हसला. "मॅडम, चवथीचे दोन दिवस सोडून काय ते मागा."

"तेच दोन दिवस हवे आहेत."

"मग माझ्याकडे एक मुलगा आहे. पण तो केरळचा. ओणमला गेला."

"आणि ख्रिस्ती सिस्टर नाहीत का कुणी?"

"आहेत ना. फिलोमिना सिस्टर आहेत. पण त्यांची चवथ मागच्या चवथीलाच बुक झाली." फोनवर तो जरा हळहळला. "मॅडम, आमच्याकडे कसं असतं, चवथीला फिलोमिना आणि नाताळला पद्मावती. लोक शहाणे, वर्षभर आधी सांगून ठेवतात. तुम्ही काय पेशंट आत्ताच पडल्यासारखे बोलताय."

पेशंट आत्ताच पडला होता, हे मी त्याला सांगितलं नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने निराश व्हायचं नसतं, माहिती गोळा करायची असते. आमच्याकडे आळीपाळीने त्याच संस्थेच्या तिघी नर्स येत होत्या. मी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: तुमचा गणपती किती दिवसांचा? जानकीचा सात. इब्रामपूरच्या पद्मावतीचा अकरा. मयेच्या मनीषाचा दीड. मी वहीत आडव्या रांगेत तारखा आणि उभ्या रांगेत नर्स लिहिल्या, जिच्या घरी गणपती तिच्या चौकटीत फुली मारली, आणि अठरा दिवसांपैकी सोळा दिवस कुणी ना कुणी मोकळी निघाली. तयेपर्यंत जानकी आणि पद्मावती, पंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून मनीषा. चवथ आणि पंचमी एवढ्या दोनच चौकटी रिकाम्या. अचूकता अठ्ठ्याऐंशी पूर्णांक नऊ टक्के. प्रयोगशाळेत एवढ्यावर मला शाबासकी मिळाली असती.

मनीषाशी मी थोडी घासाघीसही केली. दीड दिवस म्हणजे दीड दिवस. पंचमीच्या संध्याकाळी तरी यावं.

"दीड म्हणजे दोन गो," ती म्हणाली. "विसर्जनाक तळ्यार सगळो गाव. आरत्यो, फुगड्यो. घराक येऊन भांडी कोण घासतली? तू येतलंस?"

मी दीड ही संख्या तिच्यासाठी दोन केली.

मग सरकारी मार्ग. जवळच्या दवाखान्यात (कुठल्या ते सांगत नाही, तिथे अजून मला जायचं आहे) घरी येऊन ड्रेसिंग करायची सोय आहे असं कळलं. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दिला. मी तो तिथेच भरला, नीट अक्षरात. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "पेशंट खंय?"

"घरी. म्हणून तर घरी यायचा अर्ज आहे."

"नोंदणीक पेशंट स्वतः येवक जाय." जाय म्हणजे हवा.

"ते येऊ शकत नाहीत."

"येवक शकना म्हणून सर्टिफिकेट घेवन ये. आमचे डॉक्टर देतले."

"मग डॉक्टर घरी येऊन बघतील?"

"घरी येवपाक नोंदणी जाय," बाई शांतपणे म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी क्षणभर या रचनेकडे कौतुकाने पाहिलं. इतकी परिपूर्ण बंद प्रणाली मी फक्त उष्मागतिकीच्या पुस्तकात पाहिली होती. निघताना त्यांनी आणखी एक माहिती दिली, की सुट्टीच्या दिवसासाठी अर्ज पंधरा दिवस आधी लागतो. उरले होते सहा.

या काळात जयरामकाकांचं मार्गदर्शन चालूच होतं. त्यांनी मध सुचवला, पपईचा चीक सुचवला, आणि गणपतीच तीन दिवस पुढे ढकलायचं सुचवलं. एके दुपारी ते टिपरची जुनी ट्यूब हवा भरून डोक्यावर घेऊन आले. "हेच्यार बसव. जखम पोकळीत ऱ्हवतली, भार येवचो नाय." अशा चकतीवर बसवू नये, कडेने रक्त अडतं, असं मी त्यांना सांगत होते, पण सांगून होईपर्यंत बाबांनी आणि त्यांनी काकांना उचललं होतं. ट्यूब मोठी होती. काका मध्यभागातून सरळ खाली गेले आणि बाहेर फक्त डोकं, हात आणि पावलं उरली. काकांनी त्या अवस्थेत जयरामकाकांकडे पाहिलं आणि विचारलं, "जयराम, ही खंयच्या गाडीची?"

"दहा चाकांची."

"म्हणूनच. हांगा मी सहा चाकांचो." आणि ते हसायला लागले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसले. हसताना ट्यूब हलत होती, त्यामुळे त्यांना बाहेर काढायला दहा मिनिटं लागली.

चवथीला तीन दिवस असताना पद्मावतीचा फोन आला. तिचा आवाज बसला होता. सिंधुदुर्गातल्या तिच्या सासरच्या भाऊकीत थोरले आजोबा वारले. शहाण्णव वर्षांचे. दहा दिवसांचं सुतक. "हे वर्षी आमच्याकडे गणपती नाय सायली. माटोळीक नारळ काढून ठेवलेले, तसेच आसत."

मी जे करायला हवं ते केलं. वाईट झालं म्हटलं, वय विचारलं, आजारी होते का विचारलं. फोन ठेवला. आणि मला लिहायला लाज वाटते, पण मी जे पाहिलं ते लिहायला शिकले आहे: माझा हात वहीकडे गेला. पद्मावतीच्या रांगेतल्या फुल्या मी खोडल्या. चवथ, भरली. पंचमी, भरली. शंभर टक्के.

वही घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, सारणात वेलची घालत होती. तिने कोष्टक पाहिलं, पद्मावती का मोकळी हे ऐकलं, आणि चमचा खाली ठेवला.

"आणि सुतकातली बाई गणपती बसलेल्या घरात पाय टाकतली?"

मी सगळ्यांचे गणपती मोजले होते. तिघी नर्सचे, स्वप्नीलचा, दवाखान्यातल्या बाईंचाही. आमचा मोजायचा राहिला होता.

तरी मी पद्मावतीला विचारून पाहिलं. ती रागावली नाही. "अगो, माका तुमचा मन मोडूचा नाय. पण माझ्याच मनाक पटाचा नाय. माझ्या घरात दिवो नाय लावणा आणि तुमच्या देवाच्या दारात कशी येव?"

बाबांनी भटजींना फोन लावला. भटजींना चवथीला तेवीस घरं होती, त्यामुळे त्यांनी निर्णय चाळीस सेकंदांत दिला: आंगणापर्यंत चालेल, उंबऱ्याच्या आत नको, घरच्यांना हात लागता कामा नये. हात न लावता ड्रेसिंग कसं करायचं हे त्यांनी सांगितलं नाही. ते त्यांच्या विषयात येत नव्हतं.

मग काकांना आंगणात आणायचं ठरलं. खाट मोजली: एक्क्याण्णव सेंटिमीटर. दार मोजलं: चौऱ्याऐंशी. जयरामकाका म्हणाले, तिरकी करून निघेल. मी म्हटलं, तिरकी केली तर काका पडतील. ते म्हणाले, काकांना बांधू. या टप्प्याला खोलीतून आवाज आला.

"माका आंगणात उघडो करून ठेवतलास? चवथीच्या दिवशी? वाड्यावरलीं पोरां फटाके लावतली आणि मी थंयच?" काका थांबले. "ऱ्हांवदे. जातंय मी हॉस्पिटलात. दोन दिवसांचो प्रश्न."

गादीच्या पंपाने सुस्कारा सोडला.

तयेच्या दिवशी सकाळी जानकी शेवटचं ड्रेसिंग करून आपल्या घरी गेली. दुपारी बाबा आणि जयरामकाका बाहेरच्या खोलीत माटोळी बांधू लागले. मी काकांची बॅग भरत होते: दोन लुंग्या, चष्मा, दाढीचं सामान, एक दिनदर्शिका. काका डाव्या कुशीवर पडून भिंतीला कान लावून होते.

"बाबू! आंबाडे मागे बांधलंस! आवाज येता!"

"आवाज कसलो येता?" बाबा बाहेरून ओरडले.

"आंबाडे पुढे आसले तर जयराम डोक्याक आपटून ओय म्हणता. आज म्हणूक नाय."

बाहेर थोडी कुजबुज झाली, काहीतरी सोडून पुन्हा बांधल्याचा आवाज आला, आणि मग जयरामकाका "ओय" म्हणाले. काका डोळे मिटून हसले. गाडी पाच वाजता निघणार होती. जयरामकाकांनीच आणली होती आणि ती दारात उभी होती.

चारच्या सुमाराला मागच्या बाजूने, कपडे धुवायच्या दगडाकडून, हाक आली. "काकांनू! निघालास?"

पद्मावती होती. कुणी न बोलावता स्कूटरवरून आली होती, घराला वळसा घालून मागे गेली होती आणि काकांच्या खिडकीपासून तीन पावलांवर उभी होती. खिडकीला गज होते. तिने गजांतून आत पाहिलं. खाट, काका, माझ्या हातातली बॅग. मग ती बराच वेळ नुसती खाटेच्या उंचीकडे बघत राहिली.

"सायली, ती खाट दीड फूट आत ओढ बघया."

मी ओढली.

"आता तुझो स्टूल खिडकी आणि खाटीच्या मधी घाल. काकांची पाठ माझ्याकडे. हां. माका हंयसून सगळा दिसता." ती एक पाऊलही पुढे आली नाही. "उद्या मी हंय उभी ऱ्हवतंय. हात तुझे, डोळे माझे. नजरेक सुतक नसता."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिने भटजींना फोन केला नाही.

"मी पडेन," मी म्हणाले.

"उभी ऱ्हवलंस म्हणून पडलंस. बसलंस तर खंय पडतलंस? आणि तू बघू नको. तू मोज. तुझ्या त्या लॅबात काय करतंस? तसाच."

आता राहिले काका. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी वाट पाहिली. बाहेर जयरामकाकांनी गाडी सुरू केली. पाच वाजले नव्हते, पण त्यांना इंजिन तापवायची सवय आहे. मी खाटेच्या त्या बाजूला जाऊन खाली बसले, काकांच्या तोंडासमोर.

"काका, लहानपणी तुम्ही न्हाणीघरात माझ्या डोक्यावर पाणी ओतताना काय करायचात?"

"पाढे म्हणायचंय."

"का?"

"तुका लाज वाटायची. आठ वर्सांचा झाल्लंस. म्हणायचंस, काका, तुमी भायर जावा." ते थांबले. "पाढे म्हटले काय तुझा ध्यान आकड्यांत जायचा."

काकांनी चादर मुठीत धरली, सोडली. मग म्हणाले, "बॅग खाटीखाली ठेव. सामान काढू नको अजून." आणि मोठ्याने, भिंतीपलीकडे: "जयराम! गाडी बंद कर! डिझेल जाता फुकट!"

चवथीला सकाळी गणपती आला, पूजा साडेदहाला सुरू झाली, आणि अकराला मी स्टुलावर बसले. पाऊस भुरभुरत होता. खिडकीबाहेर पद्मावती, तिच्या डोक्यावर छत्री, आणि ती छत्री आंबे काढायच्या काठीच्या टोकाला बांधलेली. काठीचं दुसरं टोक बारा फुटांवर जयरामकाकांच्या हातात. त्यांच्याही घरी गणपती होता, त्यामुळे अंतर त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. वारा आला की छत्री पद्मावतीला सोडून केळीवर जायची. "जयरामदादा, केळ भिजली तरी चलता," पद्मावती नजर न हलवता म्हणायची, "माका धरा."

"पयली सलाइन," ती मला म्हणाली. "जुनी पट्टी ओली कर. ओढू नको. आपणहून सुटता ती. हां."

पट्टी सुटली. माझ्या कानात शिटी वाजली, जशी पहिल्या दिवशी वाजली होती.

"पट्टी घे. मोज. सांग माका."

मी कागदी पट्टी लावली. लांबी. पट्टीवरच्या रेषा आधी हलत होत्या, मग थांबल्या. "तीन पूर्णांक नऊ."

"परत मोज," हे काका म्हणाले, भिंतीला.

"तीन पूर्णांक नऊ."

"रुंदी?"

"दोन पूर्णांक आठ."

"डॉक्टरीण किती म्हणाली होती?"

"चार दोन, तीन एक."

काकांनी मनात वजाबाकी केली. त्यांची मान किंचित हलली ते मला मागून दिसलं. "नोंद कर," ते म्हणाले.

धुतलं. पुसलं, आतून बाहेर, एक गॉज एकदाच. ओलं गॉज जखमेवर ठेवलं आणि वरची कोरडी पट्टी उघडणार, एवढ्यात बाहेरच्या खोलीत घंटा वाजली आणि आरती सुरू झाली. खिडकीबाहेर पाहिलं तर पद्मावतीने हात जोडले होते, डोळे मिटले होते. जयरामकाकांनीही एका हाताने काठी सावरत दुसरा छातीशी नेला. माझ्यापुढे सूचना नव्हती. निर्जंतुक हात हवेत धरून मी थांबले. आमच्याकडे एक आरती झाली की कुणीतरी दुसरी सुरू करतं, आणि ती संपायच्या आत तिसरी कुणाला तरी आठवते. माझ्या नाकाला खाज सुटली. सात आरत्या झाल्या, एकोणीस मिनिटं.

पद्मावतीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तिच्या घरी त्या दिवशी दिवा नव्हता, आणि ती दुसऱ्याच्या मागच्या दारी, केळीपाशी, काठीला बांधलेल्या छत्रीखाली उभी राहून आरती ऐकत होती. काकांना ती दिसत नव्हती. तरी मधेच त्यांनी हळूच विचारलं, "खिडकी पुरी उघडी आसा मगे?"

"हो."

"ऱ्हांवदे तशीच. तिका आयकाक येवदे."

आरती संपल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आता कोरडा गॉज. चारी बाजूंनी टेप. बोट फिरव कडेन. झाला." मग, जरा थांबून, "पडलंस नाय गो."

मी पडले नव्हते. हे सगळ्यात आधी जयरामकाकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी काठी, छत्री आणि पद्मावती तिथेच सोडून वाड्यावर बातमी पोहोचवायला धाव घेतली. छत्री केळीत अडकली.

आईने गरम चहाचा कप आणि नेवऱ्यांची बशी मागच्या दगडावर ठेवली आणि दोन पावलं मागे झाली. पद्मावतीने नेवऱ्या हाताने बाजूला सारल्या. "गोड नको वयनी, हे वर्षी. च्या घेतंय." ती तिथेच दगडावर टेकून चहा प्याली. आई चौकटीला टेकून तिच्या थोरल्या आजोबांबद्दल विचारत राहिली, आणि खिडकीतून काका मधेमधे भर घालत राहिले. ते आजोबा एकदा खाणीवर बैलगाडी घेऊन आले होते आणि काट्यावर चढवा म्हणून हटून बसले होते, असं निघालं.

"चढवलास?" पद्मावतीने विचारलं.

"चढवलंय. बैलांसकट."

ती हसली, चहाचा घोट घेतला, मग पुन्हा हसली.

पंचमीलाही ती आली, तशीच न आत येता. त्या दिवशी पाऊस जोराचा होता आणि जयरामकाका एवढे भिजले की पुढचे तीन दिवस त्यांना ताप होता. त्या तापासाठी लागणारे सल्ले बाकी वाड्याने त्यांना दिले. तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे मयेहून मनीषा हजर झाली. तिने हातमोजे घातले, खाटेकडे वळली, तर काकांनी चादर धरली.

"तू बस. च्या घे. सायली करता."

"आणि मी?"

"तू बघ. बरोबर करता काय ता."

मनीषा माझ्याकडे बघायला लागली. मी वॉकरवरचे टॉवेल बाजूला करून स्टूल ओढलं आणि बसले, कारण उभं राहून करायचा प्रयोग मी अजून केलेला नाही.

डॉक्टरीणबाई चवथीनंतर सतराव्या दिवशी आल्या. त्यांनी आपली पट्टी काढली, मी माझी.

त्यांचं माप: लांबी दोन पूर्णांक नऊ, रुंदी एक पूर्णांक नऊ, खोली तीन मिलिमीटर.

माझं माप: लांबी दोन पूर्णांक आठ, रुंदी एक पूर्णांक नऊ, खोली तीन मिलिमीटर.

"परत मोजा," काका भिंतीला म्हणाले, आणि ते डॉक्टरीणबाईंना होतं.